संतापाची वही कशी ठेवावी

एक साधी रेघांची वही घ्या. हे काम फोनवर करू नका. फोनमधलं खोडता येतं आणि खोडलेलं दिसत नाही. वहीत काट मारली तरी काटेखालचं वाचता येतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. उघड्या वहीची समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक नोंद. डाव्या पानावर आज ज्या बातमीने तुमचं डोकं फिरलं ती लिहायची. उजवं पान कोरं सोडायचं. ते कशाने भरायचं ते पुढे सांगते.

मी एकतीस वर्षं एका वर्तमानपत्राचं परदेश पान लावत होते. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर यायचा, तो मराठीत आणायचा, जागेत बसेल एवढा कापायचा, मथळा द्यायचा. इतकी वर्षं जगभरचे खून, कोठड्या, छळ आणि हद्दपाऱ्या हाताखालून गेल्यावर माझी अशी पक्की समजूत झाली होती की बाकीच्यांचं सोडा, मी तरी सगळ्या देशांना एकाच मापाने मोजते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कारटं, हे इतरांचं दुखणं.

२१ नोव्हेंबर २०२४ ला ही समजूत गेली. त्या दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. रात्री भाचीचा फोन आला. मी म्हटलं, “कागदी घोडे गं सगळे. अटक कोण करणार आहे?”

“मावशी, पुतिनच्या वेळी तू काय म्हणाली होतीस?”

“हेच म्हणाले असेन.”

“नाही. ‘उशिरा का होईना, कायदा पोचला.’ माझ्याकडे मेसेज आहे. मार्च २०२३.”

तिने तो वाचून दाखवला. शब्द माझेच होते. न्यायालय तेच, हेग तेच, आणि अटक करायला पोलीस तेव्हाही नव्हते. वर आणखी एक गंमत अशी की २१ नोव्हेंबरलाच त्याच न्यायालयाने हमासच्या मोहम्मद देईफविरुद्धही वॉरंट काढलं होतं, आणि ते मला कागदी घोडं अजिबात वाटलं नव्हतं. बायडेन यांनीही पुतिनवरच्या वॉरंटला रास्त म्हटलं होतं आणि नेतान्याहूंवरच्याला संतापजनक. पण अमेरिकेच्या अध्यक्षांचंही तसंच झालं म्हणून माझा मेसेज काही पुसला जात नव्हता. दुसऱ्या दिवशी वही आणली.

डावं पान

पहिल्या ओळीत तारीख. मग कोणी केलं, काय केलं, कोणाला केलं, आणि हे आपल्याला कोण सांगतंय. शेवटच्या ओळीत तुमच्या तोंडून जो शब्द निघाला तो, जसा निघाला तसा. ‘राक्षस’ म्हणाला असाल तर ‘राक्षस’. ‘वाईट झालं, पण…’ म्हणाला असाल तर त्यातल्या ‘पण’सकट. देशाचं नाव मात्र पेन्सिलीने लिहा. ते खोडून तिथे दुसरं नाव घालून बघायचं आहे.

‘काय केलं’च्या पुढे कलमाचा आकडा टाका. १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, ४८ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. तटस्थ कोण, तर सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातले कम्युनिस्ट देश, सौदी अरेबिया, आणि वर्णभेदाची दक्षिण आफ्रिका. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्या दिवशी एकाच बाकावर. जाहीरनाम्यात ३० कलमं आहेत आणि तासाभरात वाचून होतात. छळ म्हणजे ५. मनमानी अटक म्हणजे ९. परक्या देशात आसरा मागण्याचा हक्क १४, श्रद्धेचा १८, बोलण्याचा १९. आकडा टाकायची सवय लागली की ‘ते लोकच तसले’ हे वाक्य लिहायला जागा उरत नाही. काय घडलं एवढंच उरतं. (पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सगळे पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द होता. भारताच्या हंसा मेहतांनी तो ‘सगळी माणसं’ असा बदलून घेतला. एका शब्दासाठी भांडणाऱ्या बाईबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे.)

कलम ५ चं उदाहरण घ्या. माणसाला बांधून, तोंडावर फडकं टाकून त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे त्याला बुडत असल्यासारखं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जपानी सैनिकांवर खटले भरले त्यात पाण्याने केलेला छळही होता. २००१ नंतर हेच सीआयएच्या लोकांनी केलं तेव्हा सरकारी नाव पडलं ‘वाढीव चौकशी तंत्र’. न्यूयॉर्क टाइम्सने ‘छळ’ हा शब्द यापुढे सरळ वापरायचा असं ठरवलं ते ऑगस्ट २०१४ मध्ये. मी हसू शकत नाही. आमच्याकडे पोलीस कोठडीत असं काही झालं तर आम्ही एका दमात ‘थर्ड डिग्री’ लिहायचो, आणि ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगाच्या बातमीत मी स्वतः ‘सक्त चौकशी’ लिहिलेलं आहे.

क्रियापदाखाली रेघ मारा

या वहीतून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. आपला कल विशेषणात फारसा दिसत नाही. विशेषणं आपण सांभाळून वापरतो, चारचौघांत बोलताना तर फारच. कल दिसतो तो क्रियापदात.

९ ऑगस्ट २०१८. येमेनच्या उत्तरेला दहयान गावात, बाजारात, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलांच्या बसवर सौदी नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानाने बॉम्ब टाकला. चाळीस मुलं गेली. आता ही बातमी चार तऱ्हांनी लिहिता येते, आणि चारही मथळे मी आयुष्यात केव्हा ना केव्हा, कुठल्या ना कुठल्या देशाबद्दल दिलेले आहेत.

‘सौदी आघाडीने मुलांच्या बसवर बॉम्ब टाकला, ४० मुले ठार.’

‘हवाई हल्ल्यात ४० मुले मृत्युमुखी.’

‘बस स्फोटात ४० मुलांचा मृत्यू.’

‘येमेनमध्ये हिंसाचार, ४० बळी.’

पहिल्यात कर्ता आहे. दुसऱ्यात विमान आहे, पण ते कोणाचं ते गेलं. तिसऱ्यात बस आपली आपण फुटली. चौथ्यात मुलंही गेली, राहिला आकडा. यात एकही वाक्य खोटं नाही आणि कुठलाही संपादक यातल्या एकासाठीही माफी मागणार नाही. मराठी भाषा या कामाला फार सोयीची आहे. इमारत ‘पाडली’ म्हटलं तर पाडणारा लागतो. ‘कोसळली’, ‘जमीनदोस्त झाली’ म्हटलं की कोणीच लागत नाही. माणसं ‘हाकलली’ म्हटलं तर हाकलणारा लागतो. ‘स्थलांतरित झाली’ म्हटलं की ती जणू हवापालटाला निघाली. ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांची ‘राजवट’ असते, ज्यांच्याशी पटतं त्यांचं ‘सरकार’. त्यांचा प्रवक्ता ‘दावा करतो’, आपला ‘सांगतो’ किंवा ‘स्पष्ट करतो’.

तेव्हा रोज रात्री डाव्या पानावरच्या क्रियापदांखाली रेघ मारा आणि विचारा, कर्ता आहे का? नसेल तर का नाही? खरंच माहीत नाही म्हणून, की माहीत असून पेन अडलं म्हणून? मग पेन्सिलीतलं नाव खोडून तिथे तुम्हाला न आवडणारा देश लिहा आणि वाक्य मोठ्याने वाचा. ‘बस स्फोटात मुलांचा मृत्यू’ हे वाक्य तुम्हाला न आवडणाऱ्या देशाच्या नावासमोर ठेवून पाहा. जीभ अडखळते. ‘स्फोट काय, बॉम्ब टाकलाय त्यांनी!’ असं आतून कोणीतरी ओरडतं. तो आतला माणूस फक्त काही देशांच्याच वेळी का ओरडतो, हे शोधायला ही वही.

दहयानची गोष्ट अजून संपली नाही. आघाडीने आधी सांगितलं की कारवाई कायदेशीर होती. तीन आठवड्यांनी चूक झाली असं मान्य केलं. त्यानंतर महिनाभरात, २ ऑक्टोबर २०१८ ला, इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खाशोगी यांचा खून झाला. मग जग पेटलं. मीही पेटले. पुढे वही मागच्या तारखांनी भरायला घेतली तेव्हा जुनी कात्रणं काढली. खाशोगींवर मी दोन टिपणं लिहिली होती, एक चौकट केली होती. दहयान डाव्या बाजूच्या संक्षिप्त बातम्यांत, सात ओळी. आरोपी दोन्हीकडे तोच, त्यामुळे मी सौदीची तळी उचलत होते असं म्हणता येणार नाही. पण खाशोगींना नाव होतं, चेहरा होता, आणि ते माझ्या धंद्यातले होते. दुटप्पीपणा दोन देशांतच असतो असं नाही, एवढं मला तिथे कळलं.

उजवं पान

उजव्या पानावर जोडी लावायची. त्याच कलमाची, त्याच तोलाची, जमलं तर त्याच काळातली दुसरी घटना, आणि करणारा असा की ज्याच्याबद्दल तुमच्या मनात ओलावा आहे. कठीण आहे ते हेच. न आवडणाऱ्याची जोडी कोणीही लावेल.

जोडी सैल लावू नका. ‘त्यांनी माणसं मारली, यांनीही मारली’ ही जोडी नव्हे, तो शेरा झाला. घट्ट जोडी कशी असते ते दाखवते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया फौजदारी न्यायालयाचा सदस्य, म्हणजे त्यांना अटक करणं त्याचं काम. त्याने गालिचा अंथरला. एप्रिल २०२५ मध्ये नेतान्याहू हंगेरीला गेले. हंगेरीही तेव्हा सदस्य. तिथेही गालिचा, आणि वर हंगेरीने त्याच दिवशी न्यायालयातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. कृत्य एक, कर्तव्य एक, दोघांमध्ये अंतर सात महिन्यांचं. या दोन बातम्यांपैकी तुम्ही कोणत्या दिवशी चिडलात? दोन्ही दिवशी सारखेच चिडला असाल तर वही दुसऱ्या कोणाला देऊन टाका. दोन्ही दिवशी काहीच वाटलं नसेल तरी देऊन टाका, तुमचं दुखणं वेगळं आहे.

सरकारांच्या बाबतीत भाषणं लिहून घेऊ नका, मतदान लिहून घ्या. भाषणात सगळेच साधू असतात. ६ ऑक्टोबर २०२२ ला जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत प्रस्ताव आला की चीनच्या शिनजियांगमधल्या उइगर मुस्लिमांच्या स्थितीवर चर्चा करावी. निषेध नव्हे, फक्त चर्चा; आणि तीही संयुक्त राष्ट्रांच्याच मानवी हक्क कार्यालयाचा अहवाल ऑगस्टच्या अखेरीस हातात पडलेला असताना. बाजूने १७, विरोधात १९, तटस्थ ११. प्रस्ताव पडला. विरोधात पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती. मुस्लीम बहुसंख्य देशांतून सोमालियाने तेवढं बाजूने मत दिलं. भारत तटस्थ. युक्रेनसुद्धा तटस्थ, ज्याच्यावर रशियाने हल्ला करून जेमतेम सात महिने झाले होते. आता समोरच्या पानावर लिहा: याच परिषदेच्या कायमच्या कार्यक्रमपत्रिकेत एक विषय, सातवा, इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी आणि इतर अरब प्रदेशांसाठी राखीव आहे. दुसऱ्या कुठल्याही देशासाठी असा कायमचा विषय नाही. गाझात जे घडलं ते त्यामुळे लहान होत नाही, आणि शिनजियांग बंद दाराआड राहिलं हेही त्यामुळे माफ होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच दमात म्हणता येतात का ते बघा. माझी भाची पहिलं खणखणीत म्हणते आणि दुसऱ्याला तिचा आवाज बसतो. मी तिला तसं सांगितलं तेव्हा दोन दिवस फोन नव्हता.

जुन्या जोड्याही लावा, कारण त्यांत आपलं हितसंबंधाचं नातं संपलेलं असतं आणि नजर साफ असते. मी नोकरीला लागले १९८८ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायू टाकला. सुमारे पाच हजार माणसं मेली. तेव्हा इराक इराणशी लढत होता आणि अमेरिकेला तो हवा होता, त्यामुळे वॉशिंग्टनमधून इराणकडेही बोट दाखवलं गेलं. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं आणि मग तेच हलब्जा इराकच्या प्रत्येक बातमीत शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येऊन बसलं. मेलेली माणसं तीच होती, फक्त अडीच वर्षं उशिरा मेली.

माझं स्वतःचं पान

ही नोंद मी सर्वांत शेवटी केली, पण वाचायला देताना आधी देते.

मे २००९. श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मुल्लिवायक्कलच्या चिंचोळ्या पट्टीत लष्कराने लिट्टेला, म्हणजे ‘तमिळ वाघ’ म्हणवणाऱ्या बंडखोर संघटनेला, कोंडलं होतं. त्या पट्टीत लाखांनी सामान्य तमिळ माणसंही कोंडली गेली होती. लिट्टे त्यांना बाहेर पडू देत नव्हती, आणि सरकारने ज्याला ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ म्हटलं तिथे सरकारचे तोफगोळे पडत होते. लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन मारला गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी पानावर होते. मथळा दिला, ‘अखेर वाघ संपले’. दिला तेव्हा समाधान वाटलं होतं, ते लपवत नाही. १९९१ मध्ये लिट्टेने केलेल्या राजीव गांधींच्या हत्येची बातमी लागली त्या रात्रीही मी कचेरीतच होते.

मजकूर दोन स्तंभांना जास्त होत होता. बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, असाच तो मजकूर रचून येतो. शेवटचे तीन परिच्छेद मी उडवले. पंधरा वर्षांनी तो अंक आणि वृत्तसंस्थेचा मूळ कागद शेजारी ठेवला. उडवलेल्या तीन परिच्छेदांत पट्टीतली माणसं होती. मी मुद्दाम काहीच केलं नव्हतं. कात्री तिथे आपोआप गेली, आणि हात थांबला नाही. तीच बातमी दुसऱ्या एखाद्या सैन्याची असती तर मी वरून एक परिच्छेद कमी करून खालचा वाचवला असता. तसं इतर वेळी केलेलं मला आठवतंय.

२७ मे २००९ ला मानवी हक्क परिषदेने विशेष अधिवेशनात श्रीलंकेची पाठ थोपटणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केला. भारत बाजूने होता. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने म्हटलं की शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असू शकतात. २०१२ मध्ये श्रीलंकेला जाब विचारणाऱ्या ठरावाला भारतानेही मत दिलं. तो मथळा मात्र अंकाच्या फायलीत तसाच आहे.

उजव्या पानावर मी काय जोडी लावली ते सांगत नाही. तुमची तुम्ही लावा.

असमान संताप कधी रास्त असतो

वही ठेवायला लागल्यावर पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकच झटका येतो. सगळ्या देशांवर समान चिडायचं! हे जमत नाही आणि जमवूही नये. माणसाला दिवसाला तास ठरलेले आहेत. लक्ष कमी-जास्त राहणारच. तपासायचं आहे ते माप. ज्या दिवशी लक्ष गेलं, त्या दिवशी शब्द तोच वापरला का?

काही वेळा तर जास्त चिडणंच बरोबर. तुमच्या सरकारने शस्त्रं दिली असतील, तुमच्या करातून पैसा गेला असेल, तुमच्या प्रतिनिधीने मत दिलं असेल, तर तिथे जास्त ओरडा. ६ एप्रिल १९७१ ला ढाक्यातल्या अमेरिकी वकिलातीतून आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला तार केली, की पूर्व पाकिस्तानात चाललेल्या कत्तलीपुढे आपलं सरकार नैतिक दिवाळखोरी दाखवतंय. त्यांनी सोव्हिएत छळछावण्यांचाही तितकाच निषेध तारेत का केला नाही, असं कोणी विचारलं तर ते हास्यास्पद ठरेल. ते ज्या सरकारचा पगार घेत होते त्याला बोलले. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आलं.

आणि कधी कधी दिसतच नाही. १२ नोव्हेंबर १९९१ ला पूर्व तिमोरच्या दिली शहरात, सांताक्रूझच्या दफनभूमीत, इंडोनेशियाच्या सैनिकांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. मॅक्स स्टाल नावाचा कॅमेरावाला तिथे होता. पकडलं जाण्याआधी त्याने टेप एका ताज्या कबरीत पुरली, रात्री येऊन उकरून काढली, आणि ती लपवून देशाबाहेर गेली. तोवर इंडोनेशियाला तिथे घुसून सोळा वर्षं झाली होती. लाखाच्या वर माणसं लढाईत, उपासमारीत आणि रोगराईत गेली होती आणि जगातली बहुतेक पानं कोरी होती. कंबोडियातही १९७५ पासूनच माणसं मरत होती. तिथे मारणारे कम्युनिस्ट होते, इकडे मारणारे वॉशिंग्टनचे मित्र. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर १९७५ मध्ये इंडोनेशिया तिमोरमध्ये घुसला त्याच्या आदल्या दिवशी जकार्तात होते.

इथिओपियाच्या तिग्राईत नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ या काळात युद्ध चाललं, फोन आणि इंटरनेट तोडलेलं, पत्रकारांना मज्जाव. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस, जे स्वतः तिग्राईचे, म्हणाले की युक्रेनला मिळतं त्याच्या अंशानेही लक्ष इकडे नाही, आणि जग काळ्या-गोऱ्या जिवांकडे सारखं बघतं का याची शंका येते. दिसत नव्हतं हे कारण त्या दिवसापर्यंत चालेल. नंतर कागद बाहेर आले तेव्हा मागे जाऊन पान भरलंत का? तिग्राईचं पान मी २०२५ मध्ये भरलं. उशिराची तारीख त्यावर ठळक टाकलेली आहे.

कोणी ‘मग त्याचं काय?’ म्हटलं तर

वही असली की हा प्रश्न सोपा जातो, कारण त्याचं काय ते उजव्या पानावर लिहिलेलंच असतं. पण विचारणाऱ्याकडे नीट बघा. त्याला दोघांनाही जाब विचारायचाय की दोघांनाही सोडायचंय? सोव्हिएत काळचा जुना विनोद आहे: कामगाराचा पगार विचारला की उत्तर यायचं, ‘तुमच्याकडे काळ्यांना झाडाला टांगतात!’ हा टोमणा खराच होता, हे विनोद सांगणारे विसरतात. डिसेंबर १९५२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने शाळांतल्या वंशभेदाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे लेखी म्हणणं मांडलं, त्यात एक मुद्दा हाच होता, की या भेदामुळे कम्युनिस्ट प्रचाराला आयतं खाद्य मिळतंय. मे १९५४ मध्ये तो भेद घटनाबाह्य ठरला. शत्रूने वाईट हेतूने मारलेल्या टोमण्याचाही उपयोग होतो, जर ऐकणाऱ्याने कान झाकले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेम्बर्गमध्ये नाझी नेत्यांवर खटला चालला, तिथेही हा प्रश्न आला. जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झवर आरोप होता की त्याच्या पाणबुड्यांनी इशारा न देता जहाजं बुडवली. त्याच्या वकिलाने अमेरिकेचे ॲडमिरल निमिट्झ यांच्याकडून लेखी उत्तरं मागवली. निमिट्झ यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, पॅसिफिकमध्ये आम्हीही तेच केलं. न्यायाधीशांनी त्या मुद्द्यावर ड्योनिट्झला शिक्षा दिली नाही. बाकीच्या गुन्ह्यांसाठी दहा वर्षं दिली. निमिट्झवर मात्र कुठे खटला चालला नाही. ‘तूही केलंस’चं उत्तर एवढ्या उंचीवर देतानाही अर्धंच देता आलं.

प्रत्यक्षात मी आता एवढंच म्हणते: “हो, तेही. त्याला तू कुठला शब्द वापरतोस? चल, दोन्हीकडे तोच वापरू.” निम्मे लोक इथेच विषय बदलतात. उरलेल्या निम्म्यांशी पुढे बोलण्यात अर्थ असतो.

आकड्यांची तुलना करायला मात्र जाऊ नका. कोणी मोजले, कधी मोजले, लढाईत मेलेले वेगळे आणि उपासमारीने मेलेले वेगळे काढले का, हे सगळं तपासेपर्यंत तुम्ही प्रेतांचा हिशेब लिहिणारे होता. आकडा डाव्या पानावर, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहा आणि पुढे चला.

काही बोलायचं किंवा लिहायचं असेल तर त्याआधी उजवं पान एकदा वाचा. गप्प बसायला नव्हे. मी वहीमुळे कधी गप्प बसले नाही, वाक्यं तेवढी बदलली.

परवा पानं चाळत होते. २६ ऑक्टोबर २०२५ ची नोंद. सुदानमध्ये दीड वर्षाच्या वेढ्यानंतर निमलष्करी आरएसएफच्या हाती दारफुरमधलं एल फाशर गेलं तो दिवस. तिथल्या प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. जमिनीवरचे डाग उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसत होते. हे सगळं मी व्यवस्थित लिहिलं होतं, कलम ३ म्हणजे जगण्याचा हक्क, सांगणाऱ्यांची नावं, सगळं. भाची शेजारी बसून वाचत होती. तिने पेन्सिल उचलली आणि माझ्या पहिल्या ओळीतल्या दोन शब्दांखाली रेघ मारली. मी लिहिलं होतं, ‘शहर पडलं’.

“मावशी,” ती म्हणाली, “कर्ता?”